दाराचे तोरण

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला
- शरद ऋतू आणि दाराचे तोरण यांचा संबंध सांगता येईल;
- तोरण बांधण्याची कृती क्रमाने लिहिता येईल;
- कृती सांगताना वापरावयाची आज्ञार्थी क्रियापदे ओळखता येतील.

प्रस्तावना

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. पाऊस ओसरलेला असतो, आकाश निवळलेले असते आणि शेतात हळवे भात पिवळे पडू लागते. याच दिवसांत, आश्विन शुद्ध दशमीला, दसरा येतो व घरोघरी दाराला तोरण लागते. तोरण तुम्ही अनेकदा पाहिले असेल, कदाचित बाजारातून आणलेही असेल. या पाठात ते स्वतः कसे बांधावे आणि ते काय सांगते, हे आपण पाहू.

मूळ पाठ

तोरण म्हणजे केवळ शोभेची माळ नव्हे. त्यात त्या ऋतूत पिकलेले आणि फुललेले जे असेल ते ओवले जाते. कोकणात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. तेथे काही ठिकाणी दसऱ्याला, तर काही ठिकाणी आश्विन पौर्णिमेला म्हणजे नवान्न पौर्णिमेला, 'नवे' बांधतात. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, वरी, कुरडूचा तुरा, झेंडूचे फूल आणि आंब्याचे पान यांची लहानशी जुडी करून ती दाराच्या चौकटीला लावतात. धान्य घरात येण्याआधी त्याचा पहिला मान दाराला मिळतो.

ही जुडी पाहून जाणत्या माणसाला वर्ष कसे गेले तेही कळते. लोंबी भरलेली असेल, तर दाणा चांगला धरला. परतीचा पाऊस लांबला, की उभे भात आडवे होते, झेंडू झाडावरच कुजतो. अशा वर्षी तोरण विरळ होते. पण बांधायचे कोणी सोडत नाही. प्लॅस्टिकच्या फुलांचे तोरण वर्षानुवर्षे एकसारखेच दिसते. त्याला ना सुकाळ कळतो ना दुष्काळ. शिवाय ते टाकल्यावर मातीत मिसळत नाही.

आता कृती पाहू. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर आहे, असे धरू.

साहित्य : १५० सेंटिमीटर सुतळी, आंब्याची १० पाने, झेंडूची ९ फुले, भाताच्या ७ लोंब्या, थोडा सुती दोरा आणि दाभण.

कृती :

१. पाने जून, गडद हिरवी निवडा. कोवळी तांबूस पाने लवकर मलूल होतात. जून पान चिवट असल्याने अधिक टिकते. वीतभरापेक्षा लांब पाने घेऊ नका, नाहीतर ती डोक्याला लागतात.

२. फुले कोरडी घ्या. ओली फुले आतून कुजतात.

३. सुतळी दाभणात ओवा. बांधण्यासाठी एका टोकाला ३० सेंटिमीटर सुतळी मोकळी सोडून तेथे गाठ मारा.

४. पानाचा देठाकडचा भाग दोन बोटे मागे दुमडा आणि त्या दुहेरी भागातून दाभण काढा. पान खाली लोंबते राहील.

५. त्यानंतर एक फूल ओवा. दाभण फुलाच्या मागच्या हिरव्या भागातून आडवी काढा, म्हणजे फुलाचे तोंड समोर येते.

६. याच क्रमाने एक पान, एक फूल ओवत जा. दोन पानांत १० सेंटिमीटर अंतर ठेवा. आरंभी आणि शेवटी पानच येईल.

७. शेवटी पुन्हा गाठ मारा. उरलेली सुतळी बांधण्यासाठी राहू द्या.

८. लोंब्यांची जुडी सुती दोऱ्याने घट्ट बांधा आणि मधल्या, म्हणजे पाचव्या फुलाखाली, टांगा. लोंब्या नुकत्या पिवळ्या झालेल्या असाव्यात. फार वाळलेल्या लोंब्यांचे दाणे गळतात.

९. चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांतील खिळ्यांना तोरण बांधा.

तुम्ही शेतापासून दूर, एखाद्या महानगरात राहत असाल, तर भाताची लोंबी मिळणे कठीण जाईल. अशा वेळी बाजरीचे कणीस वापरा. आंब्याचे पान मिळाले नाही, तरी अडू नका. गुजरातमध्ये आसोपालवाच्या पानांचे तोरण बांधतात. झेंडू तरी कुठे आपल्या मातीतला? तो मूळचा मेक्सिकोकडचा. पण आज त्याच्याशिवाय आपला दसरा साजरा होत नाही. जेथे राहतो तेथील ऋतू ओळखून त्याला दारी मान देणे, हाच या प्रथेचा गाभा आहे.

तोरण सुकले, की सोडवा. पाने-फुले कुंडीतल्या किंवा परसातल्या मातीत मिसळा, सुतळी जपून ठेवा आणि लोंब्या खिडकीबाहेर टांगा. चिमण्या येतील.

शब्दार्थ

हळवे भात – लवकर तयार होणारे भात
नवान्न – नवीन पिकाचे अन्न
लोंबी – भाताचे कणीस
जुडी – एकत्र बांधलेला लहान गुच्छ
दाभण – जाड, मोठी सुई
मलूल – कोमेजलेले

भाषाभ्यास

निवडा, ओवा, दुमडा, बांधा ही क्रियापदे आज्ञार्थी आहेत. कृती सांगताना हा अर्थ विशेष उपयोगी पडतो.

'तोरण बांधणे' या वाक्प्रचाराचा लाक्षणिक अर्थ मोठ्या कार्याचा शुभारंभ करणे असा आहे. म्हणूनच 'स्वराज्याचे तोरण बांधले' असे आपण म्हणतो.

पाठगत प्रश्न

१. कोकणातील 'नवे' कोणत्या दोन दिवशी बांधतात?
२. तोरणासाठी जून पाने का निवडावीत?
३. अनेकवचन लिहा : लोंबी, कणीस, फूल.

स्वाध्याय

१. 'प्लॅस्टिकच्या तोरणाला ना सुकाळ कळतो ना दुष्काळ.' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. तुमच्या भागात शरद ऋतूत मिळणारी पाने, फुले व धान्ये यांची यादी करा आणि त्यांपासून तोरण बांधण्याची कृती दहा वाक्यांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. काही ठिकाणी दसऱ्याला, काही ठिकाणी नवान्न पौर्णिमेला.
२. ती चिवट असतात व अधिक टिकतात.
३. लोंब्या, कणसे, फुले.