स्वतःच्या धंद्यावर फीचर लेख लिहिताना: सोयीची नसलेली माहिती



जाहिरातीला पैसे पडतात आणि लेख फुकट छापून येतो, म्हणून बरेच जण विचारतात, "सर, आमच्या धंद्यावर पेपरात लेख कसा लिहायचा?" फुकट म्हणजे काय, तर आठ-दहा दिवस मोडतात, दोन-तीन चकरा होतात आणि दुकान कुणाला तरी सांभाळायला द्यावं लागतं. तेवढी तयारी असेल तर पुढे वाचा.

उदाहरण कोल्हापुरी चपलेचं घेऊ. समजा तुम्ही कारागिरांकडून माल घेऊन पुण्या-मुंबईत विकता आणि एका रविवार पुरवणीने तुमच्याकडे ८०० शब्दांचा लेख मागितला. पहिल्या दिवशी आपण सगळे तेच करतो, मोबाईलवर शोधतो. तिथे "आठशे वर्षांची परंपरा" हे वाक्य ठिकठिकाणी सापडेल. दहा ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार, असं वाटतं. पण नीट बघा, बहुतेकांनी ते एकमेकांचंच उचललेलं असतं. कोणत्या कागदाच्या आधारे, याचं उत्तर मिळत नसेल तर वाक्य सोडून द्या. लेख त्यामुळे गरीब होत नाही.

दुसरी गोष्ट जीआय मानांकनाची. हे ऐकीव लिहू नका. जीआयची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते आणि तिथली नोंद ऑनलाइन कुणालाही बघता येते. बघितलीत की कळेल, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं मानांकन एकट्या कोल्हापूरचं नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे, आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे कर्नाटकातले चार. महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर, दोघांच्या नावे नोंद आहे. अथणी, निपाणीकडचा मालही कोल्हापुरीच. आता हे वाक्य लिहिताना कोल्हापूरकराचा हात जरा जड होतो, मला माहीत आहे. पण लिहायचंच.

तसंच प्राडाचं. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या, आपल्याकडे संताप झाला, मग कंपनीने भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. "त्यांनी आमचा जीआय चोरला" असं लिहायला छान वाटतं. पण जीआय मुळात नावाला संरक्षण देतो, आणि त्यांनी त्या चपलांना 'कोल्हापुरी' म्हटलंच नव्हतं. राग रास्त असेल, तरी मुद्दा चुकीचा मांडला तर जाणकार वाचक तिथेच पान उलटतो.

आता खरं काम: कारागिराशी बोलणं. गेल्या गेल्या मोबाईल रेकॉर्डिंगला लावू नका. आधी सांगा की लेखासाठी आलोय, आज माल उचलायला नाही. नाहीतर तो तुमच्याशी व्यापारी म्हणूनच बोलणार आणि "सगळं बरं चाललंय" यापलीकडे जाणार नाही. बसा, काम बघा. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडं कमावतात, ते तयार झालं हे हाताला कसं कळतं? खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने का शिवतात? चप्पल करकर का वाजते? पावसाळ्यात कामाचं काय होतं? वेणी कोण घालतं? बऱ्याचदा हे काम घरातली बाई करते आणि तिचं नाव कुठेच येत नाही, तेव्हा तिच्याशीही बोला. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, पुकरी ही नावं त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत लिहून घ्या. दोन तास बोललात तर तीन वाक्यं कामाची निघतील. हे प्रमाण नेहमीचंच आहे.

आणि मग तो सहज सांगून जाईल की एका जोडामागे त्याच्या हातात किती पडतात. विक्रीची किंमत तर तुम्हाला पाठच आहे! इथे लेखक आणि दुकानदार एकमेकांसमोर उभे राहतात. बरेच जण दराचा विषयच गाळतात. माझं मत सांगतो: "कारागीर जगला पाहिजे" असं लेखात लिहिणार असाल, तर दर गाळता येत नाही. फक्त एकाच माणसाचा आकडा देऊ नका. तुम्हाला माल न देणाऱ्या दोघा-तिघांनाही विचारा. तुमची वाहतूक, दुकानभाडं, परत आलेला माल, हा खर्चही मांडा. आणि मी स्वतः या मालाचा व्यापारी आहे, हे पहिल्या दोन परिच्छेदांतच सांगून टाका. दुकानाचं नाव मात्र शेवटी, लेखकाच्या ओळखीत एकदाच.

लिहायला बसलात की सुरुवात इतिहासाने नको, कारखान्यात डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीने करा. शब्द १,२०० झाले तर आधी विशेषणं कापा, मग प्राडा.

पाठवण्याआधी कारागिराला फोन लावा आणि त्याच्या तोंडची वाक्यं त्याला वाचून दाखवा. तो म्हणेल, "दादा, दर नका लिहू, बाकीचे व्यापारी माल उचलायचे नाहीत." तेव्हा वाद घालू नका. नाव काढायचं की आकडा, ते त्यालाच ठरवू द्या, आणि मगच संपादकांना मेल करा.