‘इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाहीं’

उरणपासून मुरुडपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर पूर्वीं व्यायाम म्हटला कीं तांबडी माती, मलखांब आणि वस्ताद एवढाच संसार असे. आतां बाजारपेठांतून ‘जिम’ निघाल्या आहेत, आणि प्रवेशासमयीं पुष्कळदां एक छापील कागद पुढें येतो. दुखापत अथवा मृत्यु झाल्यास चालक जबाबदार नाहींत, असा त्याचा आशय. मुलें तो न वाचतांच सही करितात. पालकांच्या तर तो दृष्टीसही पडत नाहीं. या सहीचें मोल किती, तें पाहूं.

१८६० च्या भारतीय दंड संहितेंत ८७ व्या कलमास जोडलेलें उदाहरण मोठें मासलेवाईक होतें. दोघे जण करमणुकीसाठीं तरवारीचे हात करितात. सरळपणें खेळतांना एकास लागलें, तर दुसरा गुन्हेगार नव्हे. कारण खेळावयास उतरणें म्हणजेच तेवढी इजा सोसण्यास संमति देणें होय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २५ व्या कलमांत हेंच तत्त्व आहे. मात्र संमति देणाऱ्याचें वय अठरांहून अधिक असावें, ही अट तेव्हांही होती व आजही आहे.

कुस्तींत खांदा निखळणें, मलखांबावरून हात सुटणें, हे त्या विद्येचेच धोके होत. परंतु आपल्या खाऱ्या हवेचा विचार करा. वजन ओढण्याच्या यंत्राची पोलादी तार येथें लवकर गंजते. ती वेळेवर बदलणें हें चालकाचें काम. सभासदानें सही केली ती व्यायामाच्या श्रमांसाठीं, गंजलेल्या तारेसाठीं नव्हे! नवशिक्या पोरास पहिल्याच आठवड्यांत भारी वजनाखालीं निजविणारा आणि स्वतः बाहेर गप्पा मारणारा शिक्षक, हाही त्याच मासल्याचा. निष्काळजीपणामुळें झालेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी कागदावर झटकतां येत नाहीं, असें इंग्लंडांत १९७७ च्या कायद्यानें स्पष्टच केलें. आपल्याकडे तितकें उघड कलम नाहीं. तथापि १८७२ च्या करार कायद्याचें २३ वें कलम लोकहितास विरोधी करार रद्द समजतें, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें सेवेंतील उणिवेबद्दल अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगापुढें दोन वर्षांच्या आंत तक्रार करितां येते. मात्र हा कायदा मोफत सेवेस लागू नाहीं. गांवच्या विनामूल्य तालमींत पडलेल्या मुलास दिवाणी न्यायालयाचाच लांबचा मार्ग उरतो. हा भेद मला बोचतो.

विद्यार्थ्यांच्या सहीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. अज्ञानानें केलेला करार मुळांतच निरर्थक, हें प्रिव्ही कौन्सिलनें मोहरीबीबीच्या खटल्यांत १९०३ सालींच ठरविलें. म्हणून इयत्ता दहावींतल्या मुलाची सही चालकास कवच होऊं शकत नाहीं. परंतु एवढ्यानें भरपाई पदरांत पडते असें नव्हे. चालकाची हयगय सिद्ध करावी लागते. आणि मुलानें दमा लपविला असेल, किंवा मनाई असतां वजन वाढविलें असेल, तर भरपाई त्या मानानें कमी होऊं शकते.

दहीहंडीच्या बाबतींत हा वाद अधिक उघडपणें झाला. २०१४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें थरांची उंची २० फूट व गोविंदाचें किमान वय १८ वर्षें ठरविलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांतून परत आल्यावर २०१७ मध्यें, शासनाच्या हमीवरून, वयाची मर्यादा १४ झाली, आणि उंचीस बंधन घालण्यास न्यायालयानें नकार दिला. पुढें २०२२ मध्यें गोविंदाचा मृत्यु झाल्यास वारसांस १० लाख रुपये देण्याचें राज्य शासनानें जाहीर केलें. माझ्या मतें विम्याचा हा मार्ग जबाबदारी नाकारणाऱ्या कागदाहून प्रामाणिक आहे.

तेव्हां पाल्यास जिममध्यें घालण्यापूर्वीं पालकांनीं एकदां स्वतः तेथें जावें. तारा केव्हां बदलल्या, मुलें व्यायाम करीत असतां जवळ कोण उभें असतें, सभासदांचा विमा आहे कीं नाहीं, हें विचारावें. फीची पावती अवश्य मागून घ्यावी. ग्राहक आयोगापुढें पहिला प्रश्न तिचाच निघेल.