सुपरकंडक्टर, मायक्रोवेव्ह आणि ‘झीरो’ची गोष्ट

‘सुपरकंडक्टर म्हणजे काय?’ असा प्रश्न ओरलला आला तर आपण सगळे एका दमात सांगतो, “सर, ज्याचा रेझिस्टन्स झीरो असतो तो!” उत्तर बरोबर आहे. पण एक्स्टर्नलने लगेच विचारले, “डीसीला की एसीला?” तर? बहुतेक जण खाली बघायला लागतात. या लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाकडे बघू या.

आधीच सांगते, माझे शिक्षण कॉन्व्हेंटचे. त्यामुळे ‘अतिसंवाहक’, ‘सूक्ष्मलहरी’ असे शब्द माझ्या तोंडात पटकन येत नाहीत. आपण लॅबमध्ये बोलतो तेच शब्द इथे वापरले आहेत. हा विषय मी रूम पार्टनरशी मराठीत बोलायला लागले (ती दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियमची), तेव्हा तिने पहिलाच प्रश्न केला, “रेझिस्टन्स झीरो आहे ना, मग हीट येते कुठून?” माझ्या इंग्रजी नोट्समध्ये हा प्रश्न कुठेच नव्हता. म्हणून हा लेख मराठीत.

थोडा इतिहास

१९११ साली हॉलंडमधल्या लायडनला कॅमरलिंग ऑन्स यांनी पारा लिक्विड हीलियमने थंड केला. ४.२ केल्विनच्या आसपास त्याचा रेझिस्टन्स एकदम नाहीसा झाला. हा प्रयोग डीसीचा होता. आजही एमआरआय मशीनच्या सुपरकंडक्टिंग कॉइलमध्ये करंट एकदा सोडला की पॉवर सप्लाय काढून घेतला तरी तो वर्षानुवर्षे फिरत राहतो. डीसीला झीरो म्हणजे खरोखरच झीरो.

१९४० साली हाइन्झ लंडन यांनी कथील, म्हणजे टिन, घेऊन सुमारे १.५ गिगाहर्ट्झला प्रयोग केला आणि त्यात किती उष्णता तयार होते ते मोजले. ट्रान्झिशन टेंपरेचरच्या खाली गेल्यावर डीसी रेझिस्टन्स नाहीसा होतो, पण हाय फ्रिक्वेन्सीचा रेझिस्टन्स मात्र हळूहळू उतरत जातो असे त्यांना दिसले. दुसऱ्या महायुद्धानंतर केंब्रिजमध्ये ब्रायन पिपर्ड यांनी हेच काम पुढे नेले. युद्धात रडारसाठी तयार झालेले मायक्रोवेव्हचे तंत्र इथे कामाला आले.

हातगाडीचे उदाहरण

सुपरकंडक्टरमध्ये दोन प्रकारचे इलेक्ट्रॉन आहेत असे धरा. काही इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, त्यांना कूपर पेअर म्हणतात. त्यांना अडथळा होत नाही. उरलेले साधे इलेक्ट्रॉन नेहमीसारखे धडपडत जातात आणि हीट तयार करतात. हे टू-फ्लुइड मॉडेल गॉर्टर आणि कॅसिमिर यांनी १९३४ साली मांडले. जोड्या का बनतात, हे १९५७ साली बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या बीसीएस थिअरीने सांगितले.

आता गुळगुळीत फरशीवर भरलेली हातगाडी आहे, फ्रिक्शन अजिबात नाही, अशी कल्पना करा. एकदा ढकलली की ती चालतच राहील, पुन्हा हात लावायला नको. हे झाले डीसी. पण तीच गाडी सेकंदाला अब्जावधी वेळा मागे-पुढे करायची असेल तर? फ्रिक्शन नसले तरी गाडीला वजन आहे. दर वेळी थांबवायला आणि उलटी फिरवायला जोर लावावा लागणार.

कूपर पेअर्सनाही वजन आहे, म्हणजेच इनर्शिया आहे. त्यांना मागे-पुढे हलवायला मेटलच्या पृष्ठभागाजवळ थोडे इलेक्ट्रिक फील्ड लागतेच. हे फील्ड नायोबियममध्ये जेमतेम ४० नॅनोमीटर खोल जाते. पण तेवढ्या थरात जे साधे इलेक्ट्रॉन आहेत त्यांनाही ते ढकलते, आणि ते हीट तयार करतात. माझ्या रूम पार्टनरच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे!

ईएनटीसीवाल्यांसाठी हेच सर्किटच्या भाषेत सांगते. एक इंडक्टर आणि एक रेझिस्टर पॅरलल जोडा. इंडक्टर म्हणजे कूपर पेअर्स, रेझिस्टर म्हणजे साधे इलेक्ट्रॉन. डीसीला इंडक्टर शॉर्ट सर्किट असतो, सगळा करंट त्यातून जातो, लॉस झीरो. एसी लावला की इंडक्टरवर व्होल्टेज येते आणि ते फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. तेच व्होल्टेज रेझिस्टरवरही येते आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे जाते. म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की लॉस चौपट! साध्या तांब्यात स्किन इफेक्टमुळे सरफेस रेझिस्टन्स फक्त फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो.

थंड करण्याचा फायदा

तापमान कमी केले की साधे इलेक्ट्रॉन जोड्यांमध्ये सामील होतात आणि उरलेल्यांची संख्या एक्स्पोनेन्शियली घटते. नायोबियम ९.२ केल्विनलाच सुपरकंडक्टर होतो. मग त्याला २ केल्विनपर्यंत खाली नेण्याची हौस कशाला? कारण १.३ गिगाहर्ट्झला ४.२ वरून २ केल्विनला आल्यावर हा रेझिस्टन्स पन्नासएक पट कमी होतो.

आता आकडे बघा. रूम टेंपरेचरला १.३ गिगाहर्ट्झवर तांब्याची स्किन डेप्थ सुमारे १.८ मायक्रोमीटर आणि सरफेस रेझिस्टन्स साधारण ९ ते १० मिलिओहम येतो. (करून बघा, हे गणित आपल्या सिलॅबसमधलेच आहे.) चांगल्या नायोबियम कॅव्हिटीचा २ केल्विनला १० ते २० नॅनोओहम, म्हणजे जवळजवळ दहा लाख पटींचा फरक! त्यामुळे तांब्याच्या कॅव्हिटीचा क्यू फॅक्टर तीसएक हजार, तर नायोबियमचा दहा अब्जांच्या घरात. देवळातल्या ५०० हर्ट्झच्या घंटेला हा क्यू मिळाला असता, तर आज वाजवलेली घंटा पुढच्या महिन्यातही घुमत राहिली असती.

पण फुकट काहीच नसते. २ केल्विनला तयार झालेली एक वॅट हीट बाहेर काढायला आदर्श कार्नो मशीनलासुद्धा सुमारे १५० वॅट लागतात, आणि खऱ्या प्लँटला त्याच्या कित्येक पट. म्हणून काही नॅनोओहमसाठी इंजिनिअर्स जिवाचे रान करतात. कितीही थंड केले तरी थोडा रेसिड्युअल रेझिस्टन्स उरतोच. धूळ, पृष्ठभागावरची अशुद्धता, नायोबियममध्ये शिरलेला हायड्रोजन, सगळ्यांचा त्यात हात असतो. थंड होताना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र पूर्ण आत अडकले तर १० नॅनोओहमच्या जागी शंभराच्या वर जातात! म्हणून कॅव्हिटीभोवती मॅग्नेटिक शील्ड लावतात. हँबर्गजवळच्या ३.४ किलोमीटर लांबीच्या युरोपियन एक्सएफईएलमध्ये अशाच नायोबियम कॅव्हिटीज आहेत. तो २०१७ साली सुरू झाला.

लांब कशाला, मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात सुपरकंडक्टिंग लिनॅक आहे. त्यात तांब्याच्या रेझोनेटर्सवर शिशाचा थर दिला आहे आणि फ्रिक्वेन्सी आहे १५० मेगाहर्ट्झ. शिसे ७.२ केल्विनला सुपरकंडक्टर होते, म्हणजे नायोबियमपेक्षा कमी दर्जाचे. तरीही ते का चालते? वर्गाचा नियम लावा: १.३ गिगाहर्ट्झऐवजी १५० मेगाहर्ट्झ म्हटले की लॉस सुमारे ७५ पट कमी. मटेरियल, फ्रिक्वेन्सी आणि तापमान यांची सांगड घालणे म्हणजेच डिझाइन.

फ्रिक्वेन्सी खूपच वाढवली तर?

कूपर पेअर तोडायला ठराविक एनर्जी लागते, तिला गॅप म्हणतात. फोटॉनची एनर्जी तेवढी झाली की जोड्या थेट तुटतात आणि लॉस एकदम वाढतो. ही मर्यादा अॅल्युमिनियमसाठी सुमारे ९० गिगाहर्ट्झ, नायोबियमसाठी सुमारे ७०० गिगाहर्ट्झ आहे. या त्रासाचाही लोकांनी उपयोग करून घेतला. ताऱ्याकडून आलेला फोटॉन जोड्या तोडतो, उरलेल्या कमी जोड्यांमुळे इंडक्टन्स वाढतो आणि रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी किंचित खाली सरकते. ती मायक्रोवेव्हने मोजली की झाला डिटेक्टर तयार.

क्वांटम कॉम्प्युटरचे अनेक क्यूबिटही अॅल्युमिनियमच्या अशाच सर्किटचे असतात. ते ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. या फ्रिक्वेन्सीचा एक फोटॉन म्हणजे जेमतेम ०.२४ केल्विन, म्हणून उष्णतेने गोंधळ होऊ नये यासाठी सर्किट १०-२० मिलिकेल्विनपर्यंत थंड करतात. सुपरकंडक्टिंग सर्किटला एनर्जीच्या पायऱ्या असतात हे क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीला मायक्रोवेव्ह सोडूनच दाखवले. त्यांना २०२५ चे फिजिक्सचे नोबेल मिळाले.

तेव्हा ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी ‘झीरो’ म्हणाले की बिनधास्त विचारा: कोणत्या फ्रिक्वेन्सीला? कोणत्या तापमानाला? आणि प्रश्न इंग्रजीत सुचत नसेल तर मराठीत विचारा. रूम पार्टनरने तेच केले, म्हणून तर मला हे सगळे शोधावे लागले!