लेस्टरचा कांदा, भंडाऱ्याचा वाल

प्रश्न : आमचे घर लाखनी तालुक्यात, घरामागे बऱ्यापैकी मोठी वाडी आहे. मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिलाही बागेची हौस. तिने तिकडच्या कांद्याचे बी आणून दिले. रोप झाले, पात गुडघ्याला लागली, पण मे उजाडला तरी कांदा पोसला नाही. आमच्या वालाचे बी ती घेऊन गेली होती. तिथे वेल कुंपणभर पसरला, फूल मात्र सप्टेंबर सरेपर्यंत नाही, आणि मग थंडीने वेलच गेला. खतपाणी दोघींनीही नीट केले होते. मग चुकले कुठे? तिकडचे इकडे आणि इकडचे तिकडे काय येते, याला काही नियम आहे का?
— एक वाचक भगिनी, ता. लाखनी

उत्तर : चुकले काहीच नाही. तुम्हा मायलेकींच्या दोन्ही पिकांनी आपापले काम चोख केले. फक्त ज्या खुणेची ती वाट पाहत होती ती खूण त्यांना मिळाली नाही.

आधी कांदा घेऊ. पात वाढवायची की खाली कांदा पोसायचा, हे कांद्याचे रोप मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवते. उत्तर युरोपात लावल्या जाणाऱ्या जातींना पोसण्यासाठी १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. लेस्टर साधारण साडेबावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथला दिवस पावणेसतरा तासांवर जातो, त्यामुळे तिथे या कांद्याची सोय होते. भंडारा आहे २१ अंशांवर. आपला वर्षातला सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमाराचा, आणि तोही पुरता साडेतेरा तासांचा भरत नाही. शेणखताचा ढीग ओता की दिवसाआड पाणी द्या, त्या कांद्याला हवा तेवढा दिवस लाखनीत उगवतच नाही. म्हणून तो पातच वाढवत राहिला.

आपल्याकडच्या जातींना ११-१२ तासांचा दिवस पुरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकायचे आणि डिसेंबर-जानेवारीत लावायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस साडेअकरा-बारा तासांवर येतो, ऊनही तापू लागते, आणि कांदा पोसतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची 'अकोला सफेद' ही जात याच हंगामाची आहे. हाच कांदा लेकीने लेस्टरला एप्रिलमध्ये लावला, तर तिथे तेव्हाच दिवस तेरा तासांच्या पुढे गेलेला असतो. रोप पुरते अंग धरायच्या आत पोसायला लागेल आणि हाती सुपारीएवढे कांदे येतील.

वालाचे याच्या उलट आहे. आपला जुना, मांडवावर चढणारा वाल दिवस आखूड होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. पावसाळ्यात तो नुसता माजतो. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास फुलतो आणि मग थंडीभर शेंगा देत राहतो. आता गंमत पाहा. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास जगभर दिवस जवळपास सारखा, बारा तासांच्या आसपास असतो. म्हणजे वालाला 'आता फूल' ही खूण लाखनीत आणि लेस्टरमध्ये साधारण एकाच आठवड्यात मिळते. फरक पडतो तो पुढच्या दिवसांत. आपल्याकडे त्यानंतर तीन-चार महिने स्वच्छ उन्हाचे आणि सोसवेल अशा थंडीचे असतात. तिच्याकडे मात्र कळी धरून शेंग भरेपर्यंत धुके आणि दहिवर येऊन ठेपते.

झाडे दिवस मोजतात, हे शास्त्राला तसे अलीकडेच कळले. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अॅलर्ड हे दोन संशोधक तंबाखूच्या एका जातीने चक्रावले होते. ती जात उन्हाळ्यात माणसापेक्षा उंच वाढे, पण फुलत नसे. काचघरात ठेवलेली तीच झाडे थंडीत फुलत. दोघांनी भर उन्हाळ्यात रोज दुपारनंतर झाडे अंधाऱ्या खोलीत ठेवून त्यांचा दिवस आखूड केला, आणि झाडे फुलली. हे संशोधन १९२० साली प्रसिद्ध झाले. पुढे कळले की यांतली बरीच झाडे खरे तर रात्र मोजतात. तुमच्या धुऱ्यावरची जुनी उंच तूर पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी फुलायला ठरावीक काळच धरते, त्याचे मूळही यातच आहे.

आता नियम. परसबागेतल्या भाज्यांचे ढोबळमानाने दोन गट करा : काही घड्याळ पाहतात, काही पारा पाहतात.

घड्याळ पाहणारी पिके, म्हणजे कांदा आणि जुना वाल, एका अक्षांशावरून फार दूरच्या अक्षांशावर नेली की फसतात. त्यांच्या बाबतीत पीक तेच ठेवून जात तिथली घ्यायची. वालातही आता दिवसाच्या लांबीशी देणेघेणे नसलेल्या बुटक्या जाती आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' या त्यांपैकीच. पण वालाला ऊब लागतेच, म्हणून लेस्टरला त्याही काचघराच्या आडोशानेच लावाव्या. तिला उघड्यावर शेंगा हव्या असतील तर फरसबी लावू दे.

पारा पाहणारी पिके मात्र खुशाल प्रवास करतात, फक्त त्यांचा महिना बदलावा लागतो. लेस्टरला जुलैतल्या रात्री साधारण १२ अंशांच्या असतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री साधारण तशाच. तिचा जुलै म्हणजे आपला पौष. म्हणून पत्ताकोबी, फूलकोबी, वाटाणा, गाजर, मुळा, मेथी आणि सांभार (कोथिंबीर) तिच्या उन्हाळ्यात येतात, आणि आपल्या हिवाळ्यातही येतात. लेस्टरच्या बी-पाकिटावर 'एप्रिलमध्ये पेरा' असे छापले असेल, तर लाखनीत त्याचा अर्थ 'ऑक्टोबरमध्ये पेरा' असा घ्यायचा. पाकीट वाचून खरोखरच एप्रिलमध्ये पेरलेत, तर सॅलडच्या पानांचे बी रुजणारसुद्धा नाही. माती तिशीच्या पुढे तापली की ते बी झोपूनच राहते.

खरे तर वेगवेगळी हवामाने पाहायला भंडाऱ्याच्या माणसाने परदेशी जायची गरज नाही. एकाच वाडीत वर्षभरात तीन हवामाने येऊन जातात. जून ते सप्टेंबर हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि कोंदट हवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडी थंडी, आणि एप्रिल-मे ४३-४५ अंशांची भट्टी. वाडीचे वेळापत्रक याच तीन भागांत बसवा.

*पावसाळा :* बरबटी, भेंडी, दोडके, कारले, लवकी, काकडी. वेल मांडवावर चढवा. जमिनीवर लोळणारे फळ या पावसात सडते. भेंडीवर पिवळ्या शिरांचा रोग येत असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' घ्या. या रोगाला तोंड देण्यासाठीच ती काढली आहे.

*हिवाळा :* टमाटराचे रोप ऑगस्ट-सप्टेंबरात टाकून पाऊस ओसरताना लावा, म्हणजे फळ डिसेंबर ते फेब्रुवारीत येते. दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्री पंचविशीच्या आसपास पारा गेला की टमाटराचे पराग निकामी होतात आणि फूल गळते. एप्रिलमधली फुलगळ हा रोग नाही, त्यावर फवारणीचा खर्च करू नका. फूलकोबीत जात फार सांभाळून निवडा. लवकरच्या जाती २०-२५ अंशांतही गड्डा धरतात. 'स्नोबॉल' गटातल्या उशिराच्या जातींना १०-१५ अंश लागतात. उशिराची जात गरम्यात लावली तर पानेच वाढतात, आणि लवकरची थंडीत लावली तर बटणाएवढा गड्डा धरून थांबते.

*उन्हाळा :* फेब्रुवारीतच लवकी, काकडी, ढेमसे, गवार आणि भेंडी पेरून टाका, म्हणजे मेपूर्वी वेलांची मुळे खोल गेलेली असतात. मुळा हवा असेल तर 'पुसा चेतकी' ही उन्हात येणारी जात आहे. सांभार मात्र झाडाच्या किंवा हिरव्या जाळीच्या सावलीतच पेरा. वाडीच्या पश्चिमेला मुनगा (शेवगा) असला तर दुपारच्या उन्हाची धार आपसूक बोथट होते. वाफ्यांवर धानाचे तणीस चार बोटे जाड पसरा. पाणी निम्म्याने वाचले नाही तरी माती दुपारी चटका देणार नाही. फक्त तणसाला वाळवी लागते का, ते अधूनमधून उचकून पाहा.

शेवटी एक कायद्याची गोष्ट. बी पिशवीत टाकून विमानाने नेणे-आणणे निरुपद्रवी वाटते, पण बियांबरोबर रोग आणि किडीही प्रवास करतात. भारतात २००३ सालच्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परदेशी बियाण्याला परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि ब्रिटनचेही असेच नियम आहेत. त्यामुळे यापुढे मायलेकींनी बियांऐवजी एकमेकींना आपापल्या पेरणीच्या तारखा कळवाव्या.

प्रश्न : जुन्या बांधीत घर बांधले, मागच्या मोकळ्या जागेत पपई लावतो. ऑगस्टमध्ये झाड पिवळे पडून मरते. खत कमी पडते का?
— एक वाचक, ता. पवनी

उत्तर : खत नाही, हवा कमी पडते. मुळांनाही श्वास लागतो, आणि पपईच्या मुळाशी दोन दिवस पाणी साचले तरी झाड जाते. तुमची जागा तर पाणी धरून ठेवण्यासाठीच घडवलेली आहे. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने बांधीत खाली एक घट्ट थर तयार होतो. धानाला तो हवा असतो, पपईला तो घातक असतो.

यावरचा उपाय तुमच्या शिवारात पूर्वीपासून आहे. बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर, अशी मांडणी बापजाद्यांनी केली ती उगीच नाही. तूर पपईसारखीच साचलेल्या पाण्याला भिते, पण धुरा फूट-दीड फूट उंच असल्याने तगते. तोच धुरा परसात आणा. पपईसाठी दीड फूट उंच आणि तीन-चार फूट रुंद ओटा करा, भोवती चर काढा आणि चराचे तोंड बाहेर काढा. त्याआधी खालचा थर पहारीने फोडून घ्या. रोप जूनमध्ये न लावता पाऊस सरताना किंवा फेब्रुवारीत लावा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत खोड जाड झालेले असेल. भाज्यांनाही हेच लागू पडते : पावसाळ्यात गादीवाफा, उन्हाळ्यात खोलगट आळे.

जमीन कोणती आहे तेही पाहा. कन्हार आणि मोरांड या भारी जमिनी, त्यांत निचऱ्याचाच विचार आधी करायचा. सिहार, खरडी किंवा बर्डी असेल तर पाणी झिरपून जाते आणि उन्हाळ्यात झाड सुकते. अशा हलक्या जमिनीत मामा तलावाचा गाळ शेणखताबरोबर मिसळणे फायद्याचे. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांचा गाळ शेतात टाकण्याची रीत जुनी आहे, आणि २०१७ पासून राज्याच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतही गाळ उचलता येतो. कन्हारात मात्र गाळ टाकू नका. आधीच चिकट असलेली माती आणखी चिकट होईल.

प्रश्न : गरम प्रदेशात येणारे सफरचंद निघाले आहे म्हणतात. तुमसरच्या अंगणात लावू का?
— एक विद्यार्थी, तुमसर

उत्तर : नेहमीच्या सफरचंदाला हिवाळ्यात ७ अंशांखालच्या थंडीचे साधारण ८०० ते १२०० तास लागतात. तेवढी थंडी खाल्ल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. तुमसरला पारा ७ अंशांखाली गेला तर ती बातमी होते. त्यामुळे काश्मिरी किंवा सिमल्याच्या झाडाचा विषय संपला.

तुम्ही ऐकले ती जात 'एचआरएमएन-९९'. हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी ती निवडून वाढवली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या जातीला थंडी अगदी थोडी लागते, म्हणून ती मैदानातही फुलते. फळ साधारण जूनमध्ये तयार होते. म्हणजे तुमसरला ते फळ नेमके एप्रिल-मेच्या उन्हात भरणार, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या आत उतरवावे लागणार. दुपारची सावली आणि उन्हाळाभर नियमित पाणी देणार असाल तर प्रयोग म्हणून एक झाड जरूर लावा आणि त्याच्या फुलांच्या-फळांच्या तारखा वहीत लिहून ठेवा. चार-पाच वर्षांच्या त्या नोंदी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रालाही दाखवण्याजोग्या होतील. पण अंगणात एकाच झाडाची जागा असेल आणि घरच्यांना फळ खायला हवे असेल, तर लिंबू किंवा पेरू लावा. या दोघांना तुमसरची थंडीही पुरते आणि उन्हाळाही सोसतो.