कान सोनारानेच टोचलेले बरे

सई बाळ,

परवा फोनवर म्हणालीस, "आबा, बँकॉकला चाललोय. तिकडे नीलम आणि माणकं फार स्वस्त मिळतात म्हणे." फोन ठेवला आणि मला चैन पडेना. तू सहा महिन्यांची असताना गुजरीत आपल्या पेढीवरच तुझे कान टोचले होते. आता परत एकदा टोचतो. बस जरा.

आधी माझी फजिती ऐक. कोल्हापूरच्या गुजरीत तराजूमागे उभी हयात गेली माझी. तरी 2009 साली जयपूरला फसलो. रिक्षावाला मोठा लाघवी. "बाबूजी, जौहरी बाजारमें तो लूट है," म्हणत त्याने एका गल्लीतल्या दुकानात नेलं. दुकानदाराने चहा मागवला. मी सराफीतला, हे कळल्यावर म्हणाला, "मग तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तर जाणकार." तिथेच मी विरघळलो. सोन्याचा कस मला डोळे मिटून कळतो, खड्यातलं ओ का ठो कळत नाही, हे त्या चहाबरोबर विसरून गेलो. लालभडक माणिक घेतलं आणि घरी येऊन आजीसाठी अंगठी घडवली.

पुढे आजीने लिंबाचं लोणचं घातलं तेव्हा अंगठी बोटातून निसटून फोडींच्या पातेल्यात पडली. सकाळी सापडली. पाहतो तर खड्यावर पांढऱ्या रेघांची जाळी, जणू कोळ्याने रात्रीत विणलेली. भिंगाखाली आत बारीक बुडबुडे दिसले. भेगाळलेलं हलकं माणिक घेतात, भेगांत शिशाची काच वितळवून भरतात, की ते काचेसारखंच झळकतं. ही काच लिंबाच्या आंबटाने खाल्ली जाते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत झाली.

त्या अंगठीने जे शिकवलं ते सांगतो.

दुकान तू शोध, दुकानाने तुला शोधू नये. खडा ओळखायला लोकांची वर्षं जातात, तुला चार दिवसांत जमणार नाही. पण त्या दुकानात आपण कसे पोचलो, हे तर आठवता येतं? ग्रँड पॅलेसच्या आसपास एखादा नीटनेटका, गोड बोलणारा माणूस भेटेल. म्हणेल, "आज राजवाडा बंद आहे, धार्मिक सण आहे." मग अगदी नगण्य भाड्यात टुकटुक ठरवून देईल. टुकटुकवाला एका छोट्या देवळाशी थांबेल. तिथे 'योगायोगाने' दुसरा गृहस्थ भेटेल आणि सांगेल की सरकारी रत्नविक्री चालू आहे, करमाफी आहे, आजचा शेवटचा दिवस. तिघेही एकाच माळेचे मणी. टुकटुकवाल्याला दुकानाकडून दलाली मिळते, भाडं नगण्य असतं ते त्यामुळे. सरकारी रत्नविक्री वगैरे काही नसतं. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो. शंका आली तर थेट तिकीट-खिडकीवर जाऊन विचार, रस्त्यावरच्या माणसाला नको.

"घरी जाऊन दुप्पट भावाने विका" म्हटलं की चप्पल घालून बाहेर पड. दुप्पट भाव मिळत असता तर तो स्वतः विमानात बसून विकायला गेला नसता का? आणि खडे इथूनच पार्सलने घरी पाठवतो म्हणाला तर आणखी सावध हो. त्यामागचा डाव एवढाच, की तू तिथे असेतोवर ते कुणाला दाखवायला जाऊ नयेस.

दुकानदाराने घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. तो खड्याने काच कापून दाखवेल, लायटरची ज्योत धरेल. कारखान्यात केलेलं माणिकही काच कापतं, कारण त्याचे गुणधर्म खाणीतल्या माणकाचेच. अशी माणकं शंभरहून जास्त वर्षं बनतायत आणि अगदी स्वस्त मिळतात. मोठी रक्कम घालायची तर खडा आधी प्रयोगशाळेत, पैसे नंतर. बँकॉकात जीआयटी ही रत्नपरीक्षेची संस्था आहे. "तपासून घेते, मग घेते" असं नुसतं म्हणून बघ. चांगला दुकानदार हो म्हणेल, दुसरा लगेच भाव उतरवेल. त्या उतरलेल्या भावातच उत्तर आहे.

सोन्याला भाव असतो, खड्याला गोष्ट असते. म्हणून घ्यायचंच झालं तर मी सोन्याकडे झुकेन. बँकॉकच्या याओवारात भागातल्या सोन्याच्या दुकानांत दिवसाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. तिथलं सोनं 96.5 टक्के, म्हणजे आपल्या 916 हून चोख. वजन मात्र 'बाट'मध्ये मोजतात. पैशांचा बाट वेगळा आणि वजनाचा वेगळा. दागिन्याचा एक बाट म्हणजे 15.16 ग्रॅम. भाव फळ्यावर असल्यामुळे घासाघीस होते ती घडणावळीची. खड्याचा दागिना असेल तर खड्याचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, ते विचार. परत येताना कस्टमचंही ध्यानात ठेव. दागिन्यांची ती खास सूट, बायकांना 40 ग्रॅम आणि पुरुषांना 20, वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. चार दिवसांच्या सहलीला ती लागू नाही.

आपल्याकडे बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, असे तीन ठसे बघायचे. एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर घातला की दागिन्याची कुंडली समोर येते. मात्र कुंदन आणि पोलकीला हॉलमार्क सक्तीचा नाही, म्हणून तिथे ओळखीचाच सराफ गाठावा. हैदराबादला गेलीस तर मोती दातावर हलकेच घासून बघ. खरा खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. पण शेतीचा मोतीही खरखरीतच लागतो, तेव्हा कुणी 'बसरा', म्हणजे नैसर्गिक मोती, म्हणून विकायला आला तर नुसत्या दातावर विसंबू नकोस.

बिलावर लिहून घे. खडा कोणता, किती कॅरेट, खाणीतला की कारखान्यातला, तापवून रंग खुलवलेला की काच भरलेला. तोंडाने "शंभर टक्के अस्सल" म्हणणाऱ्याचा हात हे लिहिताना आखडतो. पैसे कार्डाने दे आणि मशीनवरचा आकडा व चलन वाचूनच पिन दाब. कुणी एटीएमपर्यंत सोबत यायला निघाला तर तो पाहुणचार नव्हे. अडचण आली तर तिथल्या पर्यटक पोलिसांचा नंबर 1155.

आणि जावईबापूंना तिकडे घड्याळ घ्यावंसं वाटलं तर त्यांना एवढं सांग. रात्रीच्या बाजारात नकली घड्याळ नकली म्हणूनच विकतात, त्यात फसवणूक नाही, हौस आहे. फसवतो तो "कस्टममधून सुटलेला अस्सल माल" म्हणणारा. अस्सल हवं तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीतलं दुकान गाठा आणि केसवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघा. जुनं घ्यायचं तर आणखी जपून. नाना घड्याळांचे भाग जोडून, तबकडी नव्याने रंगवून विकलेल्या घड्याळांना शौकीन लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. पन्नास वर्षांच्या एचएमटीची तबकडी कालच रंगवल्यासारखी चकचकीत दिसली की समजा, ती कालच रंगवलेली आहे.

ती जयपूरची अंगठी आजीने अजून डबीत ठेवली आहे. जाण्याआधी येऊन एकदा भिंगातून बघून जा. मात्र आजीसमोर विषय काढू नकोस. माणकाचे पैसे गेले ते ती कधीच विसरली. पण काच उतरली म्हणून ते आख्खं पातेलं तिला ओतून द्यावं लागलं, आणि त्या शंभर लिंबांचा हिशेब ती अजून मला मागते.

तुझा,
आबा