भवानी होऊ दे, मग भाव कर

यादी शेवटी देते. दा नांगच्या बाजारात काय घ्यायचं ते तुझं तुला सुचेल. केव्हा जायचं ते मात्र कुणीतरी सांगावं लागतं. मला ते आमच्या तिथल्या घरमालकिणीने सांगितलं. वयाने माझ्याहून मोठी होती, मी तिला ‘बा’ म्हणायचे. त्यांच्याकडे आजीच्या वयाच्या बाईला तसंच हाकारतात. तिचं निम्मं आयुष्य बाजारात बसण्यात गेलेलं. आता ते सगळं तुझ्या पदरात टाकते.

सकाळी लवकर जाणार असलीस तर घ्यायच्या तयारीनेच जा. भवानी ते आपल्याइतकीच मानतात, काकणभर जास्तच. ‘मो हांग’ म्हणतात तिला. पहिलं गिऱ्हाईक हसत आलं, फार न ताणता माल घेऊन गेलं की दिवस बरा जातो. त्याने सगळं चिवडून, भाव पाडून, काही न घेता पाठ फिरवली की दिवस हातचा गेला. मग बाई कागदाचा बोळा पेटवते आणि मालावरून फिरवते, आपण दृष्ट काढतो तसा. तुझ्या मागे असा कागद पेटलेला दिसला तर समज, तो तुझ्या नावाने आहे. तेव्हा उजाडता उजाडता फोन काढून फोटो नको, ‘नुसतं बघतेय’ नको. नुसतं बघायचं असेल तर नऊनंतर जा. आणि खरंच पहिली पोचलीस, तर छोटी का होईना, एक वस्तू सांगितलेल्या भावाला घे. पुढच्या खेपेला ती बाई तुला ओळखेल, आणि मूठभर पाला फुकट घालेल.

बाजार दोन सांगतील तुला, हान आणि कोन. दोन्ही हुंग वुओंग रस्त्यावरच, मध्ये चालत वीसेक मिनिटं. हान नदीकाठी आहे. तिथे प्रवासी फार, सुकी मासळी आणि भेटवस्तूंचे गाळे फार, आणि भाव माणूस बघून. कोन म्हणजे उंचवटा. १९४० च्या दशकात तिथल्या एका उंचवट्यावर बाजार भरू लागला, म्हणून ते नाव. आता सगळी पक्की बांधणी आहे, उंचवटा शोधत बसू नकोस. शहरातली माणसं स्वतः खायला जातात ती कोनला. भेटी हानमधून घ्या, पोट कोनमध्ये भरा, असं बा सांगायची, आणि त्यात मला अजून काही बदलावंसं वाटत नाही.

दुपारी बारा ते दीडदरम्यान जाऊ नकोस. गाळ्यातल्या बायका त्या वेळी फळकुटावर नाहीतर झोळीत आडव्या होतात, तोंडावर टोपी टाकून. पहाटेपासून उठलेल्या असतात. हाक मारून उठवलंस तर माल मिळेल, पण भावही जागं केल्याचाच मिळेल. तिसऱ्या प्रहरी ये. मध्य व्हिएतनाममध्ये तीन-चार वाजता मधलं खाणं खायची पद्धत आहे, ‘आन से’. कोन बाजारातली खाण्याची गल्ली त्या वेळी खरी रंगते. शाळा सुटलेली पोरं, कचेरीतल्या मुली, भाजी घेऊन परतणाऱ्या आज्या, सगळे बुटक्या स्टुलांवर गुडघे पोटाशी घेऊन. दोन्ही बाजूंच्या बायका हाका मारतील, हात धरतील. गोंधळू नकोस. ज्या फळीवर गावातली माणसं दाटीने बसलीयत आणि पातेलं भराभर रिकामं होतंय तिथे बस. एकीकडे बसून शेजारणीकडचं मागवलंस तरी सहसा आणून देतात. पैसे ज्याचे त्याला.

खायचं म्हणशील तर सकाळी ‘मी क्वांग’. तांदळाच्या रुंद चपट्या शेवया, बहुतेकदा हळदीने पिवळ्या, वर कोलंबी, डुकराचं मांस किंवा कोंबडी, भरडलेले शेंगदाणे, आणि तळाशी रस्सा इतकाच की शेवया ओल्या राहाव्यात. रस्सा कमी घातला म्हणून कुरकुर करू नकोस, तो तेवढाच असतो. जोडीला तिळाचा भाजलेला तांदळाचा मोठा पापड येतो. तो हाताने मोडून वर टाकायचा आणि मऊ पडायच्या आत खायचा. बाजूला पाल्याची टोपली, आणि त्यात बारीक चिरलेलं केळफूल. आपण ते ताकाच्या पाण्यात भिजत घालून, मग शिजवून खातो, तिथे कच्चंच. पहिल्या घासाला तुरट लागेल, पण शेंगदाण्याबरोबर जमून जातं. नावातलं ‘क्वांग’ हे क्वांग नाम प्रांताचं. तो प्रांत जुलै २०२५ पासून दा नांग शहरातच विलीन झालाय, त्यामुळे होइ आन आता कागदोपत्री दा नांगमध्ये आहे. नकाशा बघून चक्रावू नकोस.

दुपारी ‘बुन मम’ खा, पण पोट आणि नाक दोन्ही तयार ठेव. बारीक पांढऱ्या शेवया, उकडलेलं किंवा भाजलेलं डुकराचं मांस, आणि वरून मम नेम, म्हणजे छोटी मासळी मिठात मुरवून केलेली दाट आमटीसारखी चटणी. वास आडव्या हाताने येतो. त्यात कुयरीही असते, उकडलेल्या कोवळ्या फणसाचे तुकडे. कुयरी मी परमुलखात प्रथम खाल्ली ती त्या ताटलीत, आणि मम नेमची भीती तिथेच मोडली. सुकट भाजताना शेजाऱ्यांची पर्वा न करणाऱ्या घरातली तू, तुला जमेल. पहिल्यांदा चटणी वेगळी माग आणि थोडी थोडी घाल.

माशांच्या चकत्या घातलेलं ‘बुन चा का’, केळीच्या पानातली ‘बान नाम’, चोखून खायच्या गोगलगायी ‘ओक हुत’. तिसऱ्या-कालवं खाणारीला त्यात नवं काही नाही. तिखट मात्र असतात. शेवटी नारळाच्या दुधातलं ‘चे’ घे. बर्फ नळीसारखा, मध्ये भोक पडलेला असेल तर तो कारखान्यातला. लादी फोडून घातलेला असेल तर नको म्हण.

दोन-तीन रीती आहेत. काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नकोस. उदबत्त्या तशा लावतात, त्या गेलेल्यांसाठी. गाळ्यात जमिनीवर छोटं देवघर असतं, फळं आणि उदबत्ती असलेलं, त्यावरून पाय टाकू नकोस. ओल्या रुमालाचं पाकीट फोडलंस तर त्याचे पैसे वेगळे लागतात, थोडेच, पण त्यावरून वाद नको. तुझ्या आईच्या वयाच्या बाईला ‘को’ म्हण, ताईसारखीला ‘ची’. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत तिथे.

आता तुझ्या सासूबाईंचं. माळकरी बाई, आणि तो मुलूख मासळीच्या पाण्यावर उभा. नुसतं ‘मांस नको’ सांगितलंस तर वाटीतून मांस जाईल, रस्सा तोच राहील; भाजीवरसुद्धा नुओक मम, म्हणजे मासळीचं खारं पाणी, पडलेलं असतं. म्हणायचं ते ‘चाय’. तो बौद्ध शाकाहार. ज्या दुकानावर चाय लिहिलंय तिथे सोयाचं नाहीतर दुसरं काही घातलेलं पाणी असतं, मासळीचं नाही. देवळाशी संबंधित खाणावळीत तर कांदा-लसूणही टाळतात. आणि दिवस बघून जा. चांद्रमासाचा पहिला दिवस आणि पौर्णिमा, या दोन दिवशी तिथली खूप माणसं चाय खातात, आणि एरवी मासळी-मांस विकणाऱ्या काही बायकासुद्धा त्या दिवशी चाय शिजवतात. पहिला दिवस म्हणजे आपली अमावास्या किंवा प्रतिपदा. कालनिर्णय बरोबर ने. सासूबाईंची एकादशी तिथे कुणाला ठाऊक नाही, पौर्णिमा सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक वर्षी आपली नारळी पौर्णिमा आणि त्यांची सातव्या महिन्याची पौर्णिमा एकाच सुमारास येते. तो त्यांचा आईवडिलांना आणि पूर्वजांना आठवायचा सण, आणि त्या दिवशी सासूबाईंना जेवायला कुठे न्यावं हा प्रश्न उरत नाही. फक्त या दिवसांच्या आदल्या सकाळी फुलं, केळी, विड्याची पानं आणि सुपारी यांची झुंबड असते आणि भाव चढतात. तेव्हा फळं घ्यायला जाऊ नकोस.

त्याच कालनिर्णयावर मासळीही बघ. माकुल रात्री दिवे लावून पकडतात. चांदणं लख्ख पडलं की दिव्याकडे कोण येणार? म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे पुष्कळ होड्या बंदरातच राहतात आणि ताजं माकुल महाग होतं. अंधाऱ्या पाखात घे. ऋतूचं आपल्यापेक्षा वेगळं आहे. जून-जुलैत आपल्या होड्या वर ओढलेल्या असतात, तिथे तेव्हा समुद्र निवळ आणि टोपल्या भरलेल्या. तिथला पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं. त्या दिवसांत ‘ताजी’ म्हणून दाखवलेल्या सुरमईचा डोळा नीट बघ. डोळा बघायला तुला मी शिकवायला नको.

मासळी वाट्याने नाही, वजनाने. किलोचा भाव आणि ‘लांग’चा भाव यात फसशील, लांग म्हणजे शंभर ग्रॅम. सुकं माकुल, सुकी कोलंबी यांचा स्वस्त वाटणारा आकडा बहुधा लांगचा असतो. कुर्ल्या घेताना दोरी बघ. जाड, भिजवलेल्या दोरीने करकचून बांधलेल्या असतात, आणि ती दोरी कुर्लीच्या भावाने वजनात जाते. बारीक दोरीच्या माग. भाव जास्त सांगतील, तरी पदरात कुर्ली पडेल.

पैशांत शून्यं फार. बोलताना बायका हजार गाळूनच बोलतात. पन्नास म्हणाली की पन्नास हजार. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग धर. मागची तीन शून्यं काढ, उरलेल्याची सव्वातीन पट कर, झाले रुपये. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. संध्याकाळच्या उजेडात सरमिसळ होते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेव आणि बाजारात काढूच नकोस. घासाघीस सुक्या मालाला, कपड्याला, टोपीला. शिजवलेल्या खाण्याला नाही. तिथे बसायच्या आधी भाव विचार, पटला तर बस, खा आणि तेवढे दे.

हानमध्ये गेलीस की पहिल्यांदा ‘चा बो’ पुढे करतील, पानात किंवा प्लास्टिकात गुंडाळलेला वळकटीसारखा गोळा. दा नांगची तीच मोठी भेट मानतात. ‘बो’ म्हणजे गाय-बैल. घरी काय चालेल ते बघून हात लाव. ‘हेओ’ डुक्कर, ‘गा’ कोंबडी, ‘का’ मासा, ‘तोम’ कोलंबी. एवढे शब्द कागदावर लिहून पाकिटात ठेव.

सुकं माकुल उजेडासमोर धरून बघ. अंग आरपार गुलाबीसर दिसावं, बोटाला चिकटू नये. दबलं की ओलं, आणि ओल्याचं वजन तू भरतेस. नुओक मम घ्यायचं तर नाम ओ गावाचं माग. शहराच्याच उत्तर टोकाला समुद्राकाठी ते गाव आहे, मासळी आणि मीठ महिनोन्महिने मुरवून पाणी काढतात, आणि २०१९ मध्ये सरकारने त्या कसबाला राष्ट्रीय वारशात घेतलं. बाटलीवर ‘दो दाम’पुढे आकडा असतो, जितका मोठा तितका कस जास्त. पण विमानकंपन्या ते जवळच्या बॅगेत घेऊ देत नाहीत, आणि सामानात घ्यायचे नियमही प्रत्येकीचे वेगळे. घ्यायच्या आधी विचार. नाहीतर ती बाटली विमानतळावरच्या पेटीत जाते, आणि तिथल्या सफाई कामगाराला तिचं काही कौतुक नसतं.

टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारी-फेब्रुवारीत. त्याच्या आधीचा आठवडा बघण्यासारखा, पण सण लागला की बाजार काही दिवस बंद. तिकीट काढताना तेवढं जुळवून घे.

आणि सासूबाईंच्या मंडळींसाठी ‘बान खो मे’ घे. तांदळाच्या पिठाच्या, साखरेच्या पाकात घोळवलेल्या, तिळाने मढवलेल्या भाजक्या वड्या, आल्याचा वास असलेल्या. मासळी-मांस काही नाही. पाकीट हलकं असतं म्हणून बॅगेच्या तळाशी कोंबू नकोस, घरी पोचेपर्यंत भुगा होतो. विमानात मांडीवर घेऊन बस.