मुठीतला धसका

अगं, काल कल्याणला उतरलो तेव्हा तुझी उजवी मूठ पाहिली मी. आपण जिना चढून वर आलो, गाडीही निघून गेली, तरी तुझी बोटं दांडा धरल्यासारखी वळलेलीच होती. मी हात धरला तेव्हा केवढी दचकलीस!

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्यातल्या आपल्या कसारा गाडीत तू होतीस, रात्रपाळी करून घरी येत होतीस. अंगावर साधा ओरखडा नाही, म्हणून सगळे म्हणाले, "सुटलीस, आता विसर." कसं विसरणार? तेव्हापासून रात्री दातखीळ बसते, खांदे कानापर्यंत चढलेले असतात आणि भोंगा वाजला की हातपाय गार पडतात.

तू खोटं काही करत नाहीयेस, बाळा. संकट दिसलं की शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं. छाती धडधडते, स्नायू आवळतात. त्या गर्दीत पळणार कुठे? अंग जागच्या जागी थिजलं आणि ती सज्जता आत तशीच राहिली. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. तो धोका हुंगतो, पण त्याला तारीख कळत नाही. ओल्या रेनकोटचा वास आला तरी त्याला वाटतं, तीच सकाळ आहे. आपल्या आजीला हे नाव ठाऊक नव्हतं, पण 'धसका घेतला' म्हणताना ती नेमकं हेच सांगायची. माझंच बघ, २६ जुलै २००५ ला कल्याणात कमरेएवढ्या पाण्यातून चालले होते. आजही चिखलाचा कुबट वास आला की पोटऱ्या गार पडतात.

आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, टाकू दे. तिची माया आहे ती. पण घट्ट झालेलं अंग अंगानेच सैल करावं लागतं, तेही हळूहळू. भोंगा ऐकू आला की दोन्ही तळपाय जमिनीवर दाब, समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घे. श्वास सोडताना घेतल्यापेक्षा लांब सोड, त्याने धडधड उतरते. मूठ आधी मुद्दाम आणखी आवळ, मग एकेक बोट उघड. रडू आलं, थरथर सुटली तर दाबू नकोस. लावणीच्या दिवसात तू शेतात वाकलीस तेव्हा तुझे खांदे पहिल्यांदा खाली आलेले मी पाहिले होते. त्या लयीत काहीतरी आहे.

आणि ती सकाळ कुणालाही पुन्हापुन्हा सांगत बसू नकोस. महिना उलटूनही झोप येत नसेल तर जाणकारच हवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जायचं ठरवलंस तर मी येते. 'वेड्यांचं' म्हणणाऱ्यांना म्हणू दे.

काल मीच घाई केली. एकदम कल्याण लांब झालं तुला. रविवारी दुपारच्या रिकाम्या गाडीने वाशिंदहून खडवलीपर्यंतच जाऊ. एकच स्टेशन. उतरून वडापाव खाऊ, पुढच्या गाडीने परत. तू खिडकीशी बस, मी दाराच्या बाजूला बसेन. मूठ वळली तर माझा हात धर.